मिलिंद महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना सारे जग ओळखते. छत्रपती संभाजीनगरशी, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादशी, त्यांचे आणखी एक नाते आहे. मराठवाड्यातील दीनदुबळ्यांच्या मुलांसाठी येथे ज्ञानमंदिर उभारणारे संस्थापक तेच होत.

दि. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या बालकाला शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पुढे १९२३ साली लंडन विद्यापीठाचे डी.एस्सी. झाले. आपणास मिळालेली संधी इतरांना मिळावी, या ध्यासाने दि. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० साली या शहरात दुसरे. दि. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात बिशपांनी स्थापिलेली अनेक विद्यापीठे आढळतात. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी १४९५ साली पोप सहावे अलेक्झांडर यांच्या आज्ञापत्रान्वये विद्यापीठ स्थापिले. त्यांच्या पाठीशी राजा होता आणि खर्चासाठी काही धर्मग्रामांचे उत्पन्न संस्थेला जोडून दिलेले होते. बाबासाहेबांपाशी असा वारसाहक्काचा निधी नव्हता. त्यांनी हैदराबाद शासनाकडून कर्ज मिळविले, प्रकृती साथ देत नसतानाही येथे मुक्काम करून बांधकामावर देखरेख ठेवली आणि कारभार प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्या निष्ठावंतांवर सोपविला.

ॲबर्डीनच्या मानचिन्हात पवित्र मरियेची आठवण देणारे लिलीच्या फुलांचे पात्र आहे. बाबासाहेबांनी मात्र संस्थेच्या नावालाच मानचिन्ह केले. महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. भिक्खू नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटताच राजेपण विसरून त्यांचे शिष्यत्व पत्करणारा ग्रीक राजा म्हणजे मिलिंद. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि सत्यापुढे नम्र व्हावे, हा आदर्श त्या नावात साठविला आहे.

दि. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर १९५८ साली येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. दीर्घ व वेदनादायक संघर्षानंतर दि. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. दरम्यान, ज्यांच्या घरात अक्षरओळखही नव्हती अशा कुटुंबांतील मुले नागसेनवनात शिकून शिक्षक, लेखक, अधिकारी झाली. दलित साहित्याच्या चळवळीला येथेच बळ मिळाले.

आपल्या धर्मप्रांतातील शाळांच्या प्रवेशद्वारांवरही क्रूस आणि बोधवाक्य कोरलेले असते. वर्गातील शेवटच्या बाकावर ज्याचे कोणी नाही असे लेकरू बसलेले असेल, आणि प्रश्न विचारताना त्याला भीती वाटत नसेल, तरच त्या चिन्हाला अर्थ आहे. कर्ज काढून ज्ञानमंदिर बांधणाऱ्या या महामानवाचे जीवन आपल्या शिक्षणकार्याला हाच प्रश्न विचारीत आहे.