बेन यांचे यंत्र आणि गुपितांचा भरवसा

रुग्णालये आणि वकिलांच्या कचेऱ्या ही दुसऱ्यांची गुपिते सांभाळणारी ठिकाणे. फॅक्स यंत्राने नेमका तेथेच दीर्घकाळ तग धरावा, याचे अनेकांस नवल वाटते. या यंत्राची मूळ कल्पना ज्याची, त्या अलेक्झांडर बेन यांना स्वतःचे गुपित मात्र सांभाळता आले नव्हते.

बेन हे उत्तर स्कॉटलंडमधील एका गरीब शेतकऱ्याचे पुत्र. शिक्षण बेताचेच. विक गावी घड्याळजीच्या हाताखाली उमेदवारी करून १८३७ साली ते लंडनला आले. विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा नमुना त्यांनी १८४० मध्ये मोठ्या विश्वासाने प्राध्यापक व्हीटस्टन यांना दाखविला. या मार्गाने पुढे जाण्यात अर्थ नाही, असा सल्ला त्यांना मिळाला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तसेच घड्याळ प्राध्यापकमहाशयांनी स्वतःचे म्हणून रॉयल सोसायटीपुढे मांडले! बेन यांनी पेटंटासाठी आधीच अर्ज केला होता, एवढेच सुदैव.

१८४३ च्या पेटंटात फॅक्सचे बीज आहे. दूरच्या दोन ठिकाणी एका तालात झुलणारे दोन लंबक. एक धातूच्या अक्षरांवरून फिरे, दुसरा रसायनात भिजविलेल्या कागदावर तीच आकृती ओळीओळीने उमटवी.

इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २०१८ साली या यंत्राचे सुमारे नऊ हजार वंशज आढळले. शासनाने नवी खरेदी बंद करून मार्च २०२० अखेरची मुदत घातली. टेलिफोनची थेट तार, सहीचा कागद आणि पोच यांची कायद्याला व कारकुनाला सवय झालेली असते. नव्या साधनात चूक झाल्यास जबाबदार कोण, हे ठाऊक नसते. शिवाय एकट्या रुग्णालयाने यंत्र टाकून भागत नाही, पलीकडच्यानेही ते टाकावे लागते. वस्तुतः आकडा चुकला की रुग्णाचा अहवाल परक्याच्या हाती पडतो. बरोबर लागला तरी तो येणाऱ्याजाणाऱ्यासमोर उघडाच असतो.

बेन यांची उत्तरायुष्यातील मिळकत बरीचशी खटल्यांत गेली. १८६५ मध्ये पॅरिस-लिऑन मार्गावर कासेल्ली यांच्या यंत्राने चित्रे व हस्ताक्षरे पाठविण्याची सेवा सुरू झाली, तेव्हा बेन हयात होते, त्यांच्या पेटंटाची मुदत मात्र संपलेली होती. अखेरीस सरकारी निवृत्तिवेतनावर दिवस काढून १८७७ च्या जानेवारीत ते निवर्तले.