गंगाखेडची जनाबाई आणि जात्यावरचा सूर

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदाकाठचे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान. दमा आणि करुंड हे विठ्ठलभक्त दांपत्य त्यांचे आईवडील. वडिलांनी लहानग्या जनीला पंढरपुरास दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवले, असे परंपरा सांगते. नामदेव याच घरातले. दळण-कांडण, सडा-सारवण, धुणे, शेणी वेचणे यांतच त्यांचे आयुष्य सरले.

रचनाकार म्हटला की त्याचे वाद्य आठवते. जनाबाईंच्या वाट्याला आले ते जाते. दगडाची एकसुरी घरघर हाच आधारस्वर आणि खुंट्याची फेरी हाच ताल. दळणारणीचा दम जिथे संपतो, तिथे ओळ थांबते. जात्यावरच्या ओवीची घडण या श्रमातूनच आलेली आहे. मोठ्या अभंगाचे मोजमापही तिच्या जवळचे : सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा आखूड चौथा, जणू श्वासासाठी राखलेली जागा. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील जॉन बुलसारख्या ऑर्गनवादकांच्या रचना स्वरलिपीत उतरल्या, त्यामुळे त्यांचे सूर आजही वाचता येतात. जनाबाईंच्या मागे केवळ शब्द उरले. चाली गळ्यांनी सांभाळल्या आणि बदलल्याही.

शब्द तरी उरले हेच विशेष! ज्ञानेश्वर-नामदेवांच्या त्या काळात घरकाम करणाऱ्या शूद्र स्त्रीचे बोल जपावेत, असे समाजाला वाटण्याचे कारण नव्हते. नामदेवाच्या गाथेबरोबर त्यांचे सुमारे साडेतीनशे अभंग आले. हरिश्चंद्राख्यान, थालीपाक अशी आख्यानेही त्यांच्या नावावर आहेत. यांतील सारेच एका जनीचे नसावे, ही अभ्यासकांची शंका रास्त वाटते. परंतु देवाला सखा मानून त्याच्याशी भांडणारा, प्रसंगी त्याला शिव्याही घालणारा तो स्वर सहज ओळखू येतो. सही करताना मात्र त्या स्वतःला नामदेवाची दासी म्हणवतात. या दास्यात भक्ती किती आणि घरातली खरी पायरी किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये त्यांनी पंढरपुरात देह ठेवला, असे मानले जाते. जवळच्या गोपाळपुरात त्यांचे जाते म्हणून एक जाते भाविकांना दाखवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी ओव्यांत बायका जनीला हाक मारतात आणि तिच्यासंगे दळायला बसलेल्या विठ्ठलाचे कौतुक गातात.