मुधोळचे मालोजीराव आणि त्यांचे कारवानी

श्वानजातींच्या मंडळांचे वर्धापनदिन आणि त्या निमित्ताने भरणारी प्रदर्शने पुण्या-मुंबईला आता नवी राहिलेली नाहीत. रिंगणात मालकासोबत धावणाऱ्या कुत्र्याचे रूप, चाल, दात, शेपटीचा बाक, सारे परीक्षक पाहतातच. पण त्याआधी पाहिली जाते ती वंशावळ. आई-बाप कोण, आजा-आजी कोण, याची नोंद नसलेला कुत्रा कितीही देखणा असला तरी त्याला या दरबारात मानाचे आसन नाही. ही पद्धत विलायतेतून आली. इंग्लंडमध्ये केनेल क्लबची स्थापना 1873 मध्ये झाली आणि वंशनोंदीच्या वह्या तेव्हापासून काटेकोर होत गेल्या. भारतातील हौशी मंडळींनीही पुढे तोच कित्ता गिरवला. मात्र त्यांच्या वह्यांत प्रदीर्घ काळ विलायती नावेच अधिक होती. देशी कुत्र्यालाही 'जात' असते आणि ती जपण्याच्या लायकीची असते, हा विचार ज्या मोजक्या माणसांनी कृतीत आणला, त्यांत मुधोळ संस्थानचे अधिपती राजे सर मालोजीराव व्यंकटराव घोरपडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

घोरपडे म्हटले की मराठी वाचकाला पहिल्यांदा आठवतात ते सेनापती संताजी. पण ती शाखा कापशीची. इचलकरंजीचे घोरपडे मूळचे जोशी. संताजींच्या घराण्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी ते आडनाव स्वीकारले. मुधोळची शाखा या सर्वांत जुनी मानली जाते आणि तिच्या वाट्याला मराठी मनात आलेली जागा मात्र काहीशी अवघड आहे. 1648 मध्ये जिंजीच्या वेढ्यात विजापूरच्या सरदारांनी शहाजीराजांना कैद केले, त्या कामगिरीत बाजी घोरपडे पुढे होते. पुढे 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चाल केली आणि त्या लढाईत बाजी मारले गेले. शाळेच्या पुस्तकांतून आणि कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली ही कथा मुधोळकरांच्या नावाला चिकटून राहिली. राज्य गेले, पेशवाई गेली, इंग्रज आले, तरी ती पुसली गेली नाही.

अशा घराण्यात मालोजीरावांचा जन्म 1884 मध्ये झाला. 'नानासाहेब' हे त्यांचे घरगुती नाव. सोळा वर्षांचे असतानाच, 1900 मध्ये, ते गादीचे धनी झाले. संस्थान लहानच. घटप्रभेच्या काठी वसलेले राजधानीचे गाव, सुमारे 368 चौरस मैलांचा मुलूख आणि 1901 च्या शिरगणतीनुसार जेमतेम 63 हजारांची वस्ती. भोवताली कोरडवाहू माळ, काळी जमीन, ज्वारी-कापसाची शेते. प्रजा बहुतांशी कन्नड बोलणारी आणि दरबाराची भाषा मराठी. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने म्हणून जी ओळखली जात, त्या सांगली, मिरज, जमखंडी, रामदुर्ग यांच्या मांदियाळीत मुधोळची गणना होई. बाकीची बरीचशी पटवर्धन-भाव्यांची. मुधोळ मराठा राजाचे. नऊ तोफांच्या सलामीचा मानही या छोट्या संस्थानाला होता.

या माळरानावर राहणाऱ्या समाजांत बेडरांची संख्या मोठी होती. मराठीत त्यांनाच बेरड म्हणतात. पिढीजात शिकारी आणि लढवय्या अशी त्यांची ख्याती. याच संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी 1857 मध्ये, शस्त्रे सरकारजमा करण्याच्या हुकमाला धुडकावून बंड केले होते. इंग्रज फौजेने गाव जाळले आणि एकोणीस जणांना फासावर लटकावले. त्यांतील काहींची फाशी तर मुधोळच्या बाजाराच्या दिवशी, लोकांदेखत झाली. हलगलीच्या बेडरांची ही गाथा कन्नड लोकगीतांत आजही जिवंत आहे. बंदूक-तलवार गेलेल्या या लोकांपाशी शिकारीचे एक साधन मात्र उरले होते, आणि ते कोणत्याही हुकमाने जप्त होणारे नव्हते. ते म्हणजे त्यांची कुत्री.

ही कुत्री गावकुत्र्यांहून निराळी. अरुंद, लांबट डोके. खोल छाती आणि वर ओढलेले पोट. लांब, सडपातळ पाय. सव्वादोन फुटांच्या आसपास उंची आणि अंगावर चरबीचा लवलेश नाही. वासावर माग काढण्यापेक्षा नजरेने सावज हेरून त्याच्यामागे वाऱ्यासारखे धावायचे, ही त्यांची रीत. ससा असो वा काळवीट, उघड्या माळावर त्याची सुटका कठीण. पश्चिम आणि मध्य आशियातील व्यापारी तांड्यांबरोबर, सैन्यांबरोबर अशा जातीचे शिकारी कुत्रे दख्खनेत आले आणि येथील हवामानात मुरले, असे मानले जाते. 'कारवानी' हे नाव त्या तांड्यांची आठवण सांगते. कान, पाय आणि शेपटीवर रेशमी केसांची झालर असलेल्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात. अरबी सलुकीशी त्यांचे साम्य प्रथमदर्शनीच जाणवते.

मालोजीरावांची नजर या कुत्र्यांवर गेली ती शिकारीच्या निमित्तानेच. संस्थानिकांच्या दरबारी त्या काळी कुत्री कमी नव्हती. जुनागढच्या नबाबाच्या श्वानप्रेमाच्या सुरस कथा तर सर्वदूर पसरल्या होत्या. परंतु राजवाड्यांतील बहुतेक कुत्री विलायतेहून बोटीने आलेली असत आणि त्यांचा थाट पाहुण्यांना दाखवण्यासाठी असे. मालोजीरावांचे वेगळेपण असे, की त्यांनी आपल्याच मुलखातील, आपल्याच गरीब प्रजेच्या झोपडीपुढे बसणारा कुत्रा निवडला. बेडरांकडून उत्तम नर-माद्या मिळवून त्यांचे संगोपन सुरू केले. कोणत्या नराला कोणती मादी द्यायची, पिलांतील कोणती ठेवायची आणि कोणती वंशवाढीतून वगळायची, याची शिस्त लावली. चपळाई, दमसास आणि नजर या गुणांना प्राधान्य दिले. काही पिढ्यांत या कुत्र्यांचे रूप एकसारखे व रेखीव होत गेले आणि आसपासच्या संस्थानांतून त्यांना मागणी येऊ लागली.

इंग्लंडच्या भेटीत मालोजीरावांनी या कुत्र्यांची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली, ही हकिगत मुधोळ परिसरात आजही अभिमानाने सांगितली जाते. बादशहांनी त्यांना मुधोळची शिकारी कुत्री म्हणून संबोधले आणि तेच नाव जगभर रूढ झाले, असे मानतात. मांडलिक राजाने सम्राटाला नजराणा द्यावा यात नवल नाही. हिरे-माणके, हत्ती, तलवारी यांची रीघ लागलेल्या त्या दरबारात माळरानावरची दोन कुत्री घेऊन जाण्यास मात्र निराळाच आत्मविश्वास लागतो. बेडरांचा 'कारवानी' त्या दिवसापासून 'मुधोळ हाउंड' झाला. येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. नाव राजधानीचे लागले, कीर्ती राजाची झाली. ज्यांनी शतकानुशतके ही जात स्वतःच्या घासातला घास देऊन सांभाळली, त्या बेडरांचा उल्लेख श्वानविषयक पुस्तकांत फार तर एका ओळीत येतो. मालोजीरावांचे श्रेय त्याने उणे होत नाही. पण ते एकट्याचे नव्हे.

वंशशुद्धीचा हा ध्यास कुत्र्यांपुरता मर्यादित नव्हता, असे म्हणण्यास जागा आहे. मुधोळच्या दप्तरात बहामनी आणि आदिलशाही काळातील म्हणून ओळखली जाणारी फारसी फर्माने होती. मालोजीरावांच्या कारकिर्दीत ती अभ्यासकांपुढे आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवचरित्राच्या लेखनात त्यांचा उपयोग केला, आणि दत्तात्रय विष्णु आपटे यांनी लिहिलेला मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याचा इतिहास 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. या कागदांनुसार घोरपडे आणि भोसले ही एकाच सिसोदिया राजपूत वंशाची दोन पाती ठरतात. खेळणा किल्ला, म्हणजे नंतरचा विशाळगड, घोरपडीला दोर बांधून सर केला म्हणून बहामनी सुलतानाने 1471 मध्ये 'राजा घोरपडे बहादूर' हा किताब दिला, अशी आडनावाची उपपत्तीही त्यांत सापडते.

त्या काळात या गोष्टीचे मोल केवळ एका संस्थानापुरते नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वेदोक्त प्रकरणाने मराठा घराण्यांच्या क्षत्रियत्वाचा वाद पेटवला होता आणि त्याची धग अजून विझलेली नव्हती. शिवाजी महाराजांचे कूळ राजपुतान्यापर्यंत भिडवणारे कागद मुधोळच्या पेटाऱ्यांत निघावेत, हा योग विलक्षण होता. ज्या घराण्याच्या पूर्वजाने शहाजीराजांना कैद केले, तेच घराणे आता भोसल्यांच्या कुलीनतेचे साक्षीदार म्हणून उभे राहत होते! वैर भाऊबंदकीचे होते, परक्याचे नव्हे, असाही त्याचा एक अर्थ निघत होता. फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत एकमत झाले नाही. त्यांतील काही बनावट असल्याचा संशय अनेकांनी व्यक्त केला आहे. कुत्र्यांच्या वंशावळीत दोन-चार पिढ्यांपलीकडे जाण्याची गरज पडत नाही. माणसांच्या वंशावळीत शतके ओलांडावी लागतात आणि वाट तेथेच निसरडी होते.

मालोजीरावांची कारकीर्द 1937 मध्ये संपली. त्यांच्यामागून भैरवसिंहराव गादीवर आले, आणि अवघ्या अकरा वर्षांत गादीच उरली नाही. मार्च 1948 मध्ये मुधोळ मुंबई प्रांतात विलीन होऊन विजापूर जिल्ह्यात गेले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात समाविष्ट झाले. 1997 पासून ते बागलकोट जिल्ह्यात आहे. संस्थानाबरोबर राजाश्रय गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, ती रास्तच होती. पण त्यामुळे या कुत्र्याचे पिढीजात कामच संपले. धावण्यासाठी घडवलेले जनावर राखणीसाठी दारात बांधले जाऊ लागले. अधिक वेगाच्या हव्यासाने काहींनी ग्रेहाउंडशी संकर केला आणि मूळ रूप विरळ होत चालले. ज्या शिस्तीने मालोजीरावांनी निवड केली होती, ती शिस्त लावणारे कोणी उरले नव्हते. तरीही जात टिकली, कारण ती राजवाड्यातून पुन्हा झोपडीत आली. मुधोळ तालुक्यातील आणि सीमेलगतच्या गावांतील कुटुंबांनी पिले वाढवून विकण्याचा जोडधंदा चालू ठेवला.

सरकारी पातळीवर या कुत्र्याची दखल उशिराच घेतली गेली. टपाल खात्याने 2005 मध्ये देशी श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत हिमालयीन मेंढपाळ कुत्रा, रामपूर आणि राजापालयम यांच्या पंक्तीला मुधोळही होता. त्यानंतर कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी संशोधन व माहिती केंद्र सुरू केले. उत्तम नर-माद्यांची निवड, नोंदी आणि शेतकऱ्यांना पिलांचे वाटप हे काम तेथे चालते. 2016 च्या सुमारास तेथील पिले मेरठला लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात गेली; लष्करी कामासाठी जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोरवर विसंबणाऱ्या सैन्यात देशी जातीची ती पहिली मोठी चाचणी होती. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट 2020 मध्ये आकाशवाणीवरील आपल्या भाषणात देशी कुत्रे पाळण्याचे आवाहन करताना मुधोळचा नावानिशी उल्लेख केला, तेव्हा पिलांची मागणी एकाएकी वाढली.

ही मागणी पुण्यातही पोहोचली आहे. महाळुंगे, बालेवाडी, हिंजवडी या मुळेच्या काठच्या गावांत शेतांच्या जागी आता उंच इमारती आहेत. तेथे सकाळी फिरायला निघणाऱ्या श्वानांत लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, क्वचित बर्फाळ प्रदेशातला हस्कीही दिसतो. त्यांत एखादा कारवानी आढळला, तर तो नेमका कोणत्या जातीचा, असा प्रश्न मालकाला हमखास विचारला जातो. मुळशीच्या जुन्या शेतकऱ्याला कदाचित तो विचारावा लागणार नाही. दहाव्या मजल्यावरच्या घरात मात्र हा कुत्रा सुखी राहत नाही. त्याला रोज मनसोक्त दौड लागते आणि अनोळखी माणसाने अंगावर हात फिरवलेला त्याला खपत नाही. खाणे बेताचे, दुखणी थोडी, केस आखूड. सांभाळायला तो स्वस्त आहे, पण मोकळे रान ही त्याची मूळ गरज आहे. पिलू घेण्यास मुधोळपर्यंत जाणाऱ्या पुणेकराला तेथील जाणते पालक सर्वप्रथम विचारतात ते घराभोवतीच्या जागेविषयी. किमतीची बोलणी त्यानंतर होतात.