एकट्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड जडते. वहीतला आकडा आणि तिजोरीतली रोकड जुळल्याशिवाय त्याला घरी जाववत नाही. डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्याविषयी वाचताना वाटले, हा माणूस अणूंची रोकड मोजत होता!

२१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा येथे त्यांचा जन्म झाला. आठ महिन्यांचे असतानाच वडील गेले. ते आजोळी वाढले. आजोबा इंजिनिअर, त्यांच्यामुळे यंत्रांची गोडी लागली. कवितेचीही होतीच. १९२१ मध्ये लंडनची डॉक्टरेट घेऊन ते बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथले कुलगीत त्यांच्याच लेखणीतले. १९२४ मध्ये ते लाहोरला गेले.

त्या सुमारास युरोपात अणूची खतावणी नव्याने मांडली जात होती. पाउलीने १९२५ मध्ये नियम घातला, की एका जागेत दोनच इलेक्ट्रॉन, तेही उलट फिरकीचे. हुंडने पुढे सांगितले, की सारख्या जागा असतील तर आधी प्रत्येकीत एकेक बसतो. एसटीत शिरल्यावर आपण आधी रिकामे बाक शोधतो, तसेच हे. लोहाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या २० जणांच्या जोड्या लागतात. उरलेल्या सहांना बाक पाच. पाच जण एकेक बाक धरतात, सहावा कुणाशेजारी तरी बसतो. म्हणजे चार एकटे. जस्तात त्याच पाच बाकांवर दहा जण, म्हणून एकटा कुणीच नाही.

ही झाली वहीतली नोंद. पडताळायची कशी? एकटे इलेक्ट्रॉन असलेला पदार्थ चुंबकाकडे ओढला जातो; सगळ्या जोड्या असतील तर किंचित दूर सरतो. भटनागर आणि माथुर यांनी १९२८ मध्ये ही सूक्ष्म ओढ मोजणारा तराजू तयार केला. नमुना जरासा हलला तरी प्रकाशाच्या पट्ट्या सरकत आणि त्यावरून मोजमाप होई. लोहाच्या क्षारात एकटे इलेक्ट्रॉन चार की पाच, हे अशा मोजमापांतून कळते. लंडनच्या ॲडम हिल्गर कंपनीने तो तराजू बाजारात आणला. १९३५ मध्ये दोघांचा चुंबकीय रसायनशास्त्रावरचा ग्रंथ निघाला.

रावळपिंडीकडे तेलविहिरी खोदताना वापरला जाणारा चिखल क्षार लागताच घट्ट होई. भटनागरांनी त्यात डिंक मिसळायला सांगितला आणि अडचण सुटली. कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले. ते त्यांनी स्वतः न घेता विद्यापीठातील संशोधनासाठी द्यायला लावले. त्या काळचे दीड लाख! मी हा आकडा दोनदा वाचला.

१९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. इतरांसाठी प्रयोगशाळा उभारताना त्यांचा स्वतःचा तराजू मात्र मागे पडला. फायलींत बुडालेल्या माणसाला त्याची रुखरुख वाटली असेल का? मला तरी वाटली असती.

१ जानेवारी १९५५ रोजी ते गेले. वय अवघे साठ. पुण्यातली ती प्रयोगशाळा आजही चालू आहे. दीड लाखांसारखीच हीही रक्कम त्यांनी दुसऱ्यांच्या खात्यात जमा केली.