विनोदपटातल्या अबोल्याचा कवी

मुंबईच्या चाळीतली तुटपुंजी जागा, त्यात दाटीवाटीने राहणारे कुटुंब आणि त्या गर्दीत एकांत शोधणारे नवविवाहित जोडपे. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाचा सारा विनोद या अडचणीतून फुलतो. प्रेक्षक खळखळून हसत असतो आणि मध्येच आशा भोसले यांच्या स्वरातले एक गीत त्याला गप्प करते. ‘का रे दुरावा’ हे ते गीत. संगीत सुधीर फडके यांचे आणि शब्द गजानन दिगंबर माडगूळकर यांचे. ‘गीतरामायणा’ने घराघरांत पूज्य झालेल्या या कवीने तेव्हा वयाची पन्नाशी ओलांडली होती.

माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ गाव माडगूळ. दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात येतात. वडील औंध संस्थानात कारकुनी करीत. घरात पैसा बेताचाच होता. आई बनुताईंच्या ओव्या, गावातली भजने, कीर्तने आणि शाहिरी कवने मात्र भरपूर होती. छंदशास्त्र पुस्तकातून शिकण्याआधीच ते त्यांच्या कानात मुरले होते. शाळेत गणिताशी त्यांचे कधी जमले नाही आणि मॅट्रिकची परीक्षा या गणितानेच अडवली. घरच्या परिस्थितीत पुन्हा परीक्षेला बसत राहण्याची चैन परवडणारी नव्हती. पोटासाठी त्यांनी चित्रपटाचे कोल्हापूर गाठले.

मास्टर विनायकांच्या ‘हंस पिक्चर्स’मध्ये त्यांना काम मिळाले ते किरकोळ भूमिकांचे. १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ हा त्यांचा पहिला चित्रपट. आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला हा प्रेमविनोदपट होता, हा योगायोग पुढच्या कारकिर्दीकडे पाहता लक्षात राहण्यासारखा आहे. कोल्हापुरातच त्यांनी वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम केले. दुसऱ्याची वाक्ये उतरवून घेता घेता संवाद कसा उभा राहतो, हे त्यांना जवळून पाहता आले. समवयस्क सुधीर फडके यांच्याशी स्नेह जुळला तोही याच गावात. १९४२ च्या ‘पहिला पाळणा’ने त्यांना गीतकार म्हणून उभे केले आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ने महाराष्ट्रभर नेले. लहानपणी कानावर पडलेली शाहिरी त्यांच्या लेखणीतून अशी उतरली, की जुनी रचना कोणती आणि नवी कोणती हे सांगणे जाणकारांनाही कठीण जावे.

यानंतर राजा परांजपे, माडगूळकर आणि फडके या त्रयीचे पर्व सुरू झाले. मराठी माणसाला निर्मळ हसायला शिकवणारे चित्रपट या तिघांनी दिले. १९५२ च्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये ठरलेल्या मुदतीत लाखभर रुपये खर्च करून दाखवण्याची अट प्रेमाच्या आड येते. कथानक निखळ गमतीचे. कथा-पटकथेचा भार वाहणारे माडगूळकर त्यात राजाभाऊंच्या जोडीने पडद्यावरही वावरले. नायिका होत्या कुसुम आणि कुमुद सुखटणकर या दोघी बहिणी. ‘रेखा’ आणि ‘चित्रा’ ही त्यांची पडद्यावरची नावेही माडगूळकरांनीच सुचवलेली. याच चित्रपटात मालती पांडे यांच्या आवाजातले ‘त्या तिथे पलीकडे’ आले आणि पडद्यावरचा विनोद विस्मृतीत गेल्यावरही ते मागे उरले.

विनोदी चित्रपटातले भावगीत ही वाटते त्यापेक्षा अवघड गोष्ट असते. शोकपटात रडके गाणे सहज सामावते. विनोदपटात मात्र हसणारा प्रेक्षक तीन-चार मिनिटांसाठी गंभीर करायचा आणि गाणे संपताच पुन्हा हसण्याच्या वाटेवर आणून सोडायचा, अशी ही कसरत आहे. शब्द जड झाले तर चित्रपट अडखळतो, हलके झाले तर गाणे विसरले जाते. माडगूळकर स्वतः पटकथाकार असल्याने प्रसंगाला किती वजन पेलेल, हे त्यांना नेमके कळत असे.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली. चित्रपटाच्या धबडग्यात ठरल्या वेळी गीत हाती देण्याची जी सवय लागली होती, ती येथे उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही. या काव्याने त्यांना आधुनिक वाल्मीकी ठरवले. पण साहित्याच्या दरबारातला एक प्रश्न सुटला नाही. तो काळ नवकाव्याचा होता. मागणीनुसार, प्रसंगानुसार लिहिणारा तो गीतकार, कवी निराळा, अशी विभागणी करणाऱ्या समीक्षेला दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांशी नाते सांगणारा हा माणूस कोणत्या खणात ठेवावा हे उमगत नव्हते. ‘जोगिया’सारखा संग्रह नावावर असूनही ही कुजबुज थांबली नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘नवरंग’ या शांतारामबापूंच्या हिंदी चित्रपटांचे लेखन केल्याने तर चित्रपटवाला हा शिक्का अधिकच गडद झाला.

या आक्षेपाचे उत्तर ‘का रे दुरावा’मध्ये सापडते. या गीतात अलंकारांची आरास नाही, की शब्दकोश उघडावा लागेल असा एक शब्द नाही. पाठ फिरवून झोपलेल्या नवऱ्याला बायको आपला अपराध विचारते आहे, एवढाच विषय. तिला झोप लागत नाही, रात्र सरत नाही आणि त्याने जवळ येऊन हलक्या आवाजात काहीतरी बोलावे, एवढीच तिची मागणी आहे. हा हलका आवाज प्रणयाचा खराच. पण ज्या घरात मोठ्याने बोलण्याची सोयच नाही, त्या घराचाही तो आहे. चित्रपटाला हसू पुरवणारी जागेची टंचाई येथे, तिचे नावही न घेता, वेदनेच्या रूपात येते. दोन दिवसांच्या अबोल्याला कवीने जन्मभराच्या विरहाची धार दिली. फडके यांनी चाल संथ आणि आर्जवी ठेवली, आक्रोशाला वाव दिला नाही. याच चित्रपटातले रामदास कामत यांचे ‘प्रथम तुज पाहता’ पहिल्या भेटीची धुंदी गाते. हे गीत लग्नानंतरच्या पहिल्या रुसव्याचे. प्रेमाच्या दोन्ही टोकांवर एकाच लेखणीची अशी हुकमत क्वचितच आढळते.

मानसन्मान यथाकाल आले. १९६२ पासून ते विधान परिषदेवर होते. १९६९ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. पुण्यात वाकडेवाडीच्या ‘पंचवटी’त बैठका रंगत. तरीही निवांतपणे लिहायचे झाले, की त्यांची पावले माडगूळच्या शेतातल्या ‘बामणाचा पत्रा’ या साध्या खोपटाकडे वळत. मात्र ज्या सन्मानाला त्या जुन्या कुजबुजीच्या संदर्भात विशेष अर्थ होता, तो विदर्भाच्या भूमीवर मिळाला. वर्धा-आर्वीपासून यवतमाळ-वणीपर्यंत पसरलेल्या कापसाच्या मुलखात, यवतमाळ येथे, १९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी माडगूळकर होते. साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर कवी बसला होता आणि गावोगावच्या लाऊडस्पीकरवर, रेडिओवर त्याची चित्रपटगीते वाजत होती.

त्याआधीच, १९७२ मध्ये, बासू चटर्जी यांनी ‘मुंबईचा जावई’ची कथा ‘पिया का घर’ या नावाने हिंदीत नेली होती. जया भादुरी आणि अनिल धवन यांचा तो चित्रपट गाजला. चाळ तीच, अडचण तीच. पण गीते अर्थातच नवी होती. मराठी अबोल्याचे गाणे मराठीतच राहिले.

१४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात माडगूळकरांचे निधन झाले. अवघे अठ्ठावन्न वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. पुढे २०१४ मध्ये एका मराठी वाहिनीने नव्या मालिकेला नाव दिले ‘का रे दुरावा’. नोकरी टिकावी म्हणून कार्यालयात लग्न लपवून वावरणाऱ्या नवरा-बायकोची ती गोष्ट होती.