रोझलिंड फ्रँकलिन : ‘आरएनए’च्या शोधातील अखेरची पाच वर्षे

रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव निघाले की ‘डीएनए’चे क्ष-किरण छायाचित्र आणि हुकलेले श्रेय यांचीच चर्चा होते. त्यांच्या आयुष्याची अखेरची पाच वर्षे मात्र ‘आरएनए’ आणि प्रथिने यांचे नाते उलगडण्यात गेली, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. केंब्रिजमध्ये रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन कोळशाच्या सूक्ष्म रचनेवरील संशोधनासाठी त्यांनी १९४५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. क्ष-किरणांनी पदार्थांची अंतर्रचना उकलण्याचे तंत्र त्या पॅरिसमध्ये शिकल्या. १९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू झाल्या. तेथील त्यांच्या संशोधनातील ‘डीएनए’चे छायाचित्र त्यांच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखविण्यात आले.

मार्च १९५३ मध्ये फ्रँकलिन बर्कबेक कॉलेजात गेल्या आणि तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या ‘टोबॅको मोझॅक’ विषाणूचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. हा विषाणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची पोकळ कांडी. तिच्यात प्रथिनांचे सुमारे २१०० एकसारखे घटक आणि ‘आरएनए’चा एकच धागा असतो. हा धागा नेमका कोठे असतो, हा प्रश्न होता. ‘आरएनए’सह असलेला विषाणू आणि ‘आरएनए’विरहित प्रथिनांची कांडी यांची तुलना करून १९५६ मध्ये त्यांनी उत्तर दिले. धागा मधल्या पोकळीत नसून प्रथिनांच्या घटकांमध्ये रुतलेला असतो आणि त्यांच्याच सर्पिल वळणाने पुढे जातो.

त्याच वर्षी त्यांना अंडाशयाच्या कर्करोगाने ग्रासले. शस्त्रक्रिया झाल्या, अनुदानाची विवंचनाही होती. तरीही काम थांबले नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतून निधी मिळवून त्यांनी पोलिओच्या विषाणूकडे लक्ष वळविले. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचे जागतिक प्रदर्शन सुरू झाले. त्यात त्यांच्या विषाणूची प्रतिकृती मांडलेली होती. त्यांचे सहकारी आरॉन क्लुग यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

‘आरएनए’ला प्रथिने कोठे व कशी धरतात, या प्रश्नाचे मोल पुढे आणखी वाढले. जनुकावरून उतरविलेल्या ‘आरएनए’तील काही तुकडे वगळून उरलेले जोडले जातात, हे १९७७ मध्ये उघड झाले. कोणता तुकडा राहणार, हे ‘आरएनए’ला चिकटणारी प्रथिने बऱ्याच अंशी ठरवितात. धाग्याची घडीही त्यात भाग घेते. प्रथिनाची जागा घडीत दडली, तर निर्णय बदलू शकतो. बालकांचे स्नायू दुर्बल करणाऱ्या ‘एसएमए’ या आनुवंशिक विकारात एका जनुकाचा आवश्यक तुकडा वगळला जातो. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘न्यूसिनर्सेन’ हे औषध, तुकडा वगळायला लावणाऱ्या प्रथिनांची ‘आरएनए’वरील जागा अडविते आणि तो तुकडा टिकून राहतो.

फ्रँकलिन यांनी हे दिवस पाहिले नाहीत. लंडनमधील त्यांच्या समाधिशिलेवर मात्र ‘डीएनए’चा उल्लेखही नाही; मानवजातीला चिरकाल उपकारक ठरलेले कार्य म्हणून तेथे नोंद आहे ती त्यांच्या विषाणूंवरील संशोधनाची.