कार्व्हर आणि मेकन परगण्याची झिजलेली जमीन

पीक बुडाले म्हणजे शेतकरी बहुधा जमिनीस दोष देतो. जमीन निकस आहे, तिच्यात काही होत नाही, असे म्हणून तो हात टेकतो. परंतु तो दोष जमिनीच्या जन्माचा आहे की माणसाने तिला लावलेला आहे, हे थोडेच लोक पाहतात. ज्यांनी हे पाहण्यात आपले आयुष्य वेचले त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे वृत्त आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ ह्या १९८१ सालच्या पुस्तकामुळे हे नाव महाराष्ट्रात पुष्कळांस ठाऊक आहे. येथे आम्ही मुख्यत्वे त्यांनी मातीसाठी केलेल्या कामाविषयी लिहितो.

अमेरिकेतील मिझुरी प्रांतात सुमारे १८६४ साली एका गुलाम मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. ते तान्हे असताना लुटारूंनी मायलेकरांस पळवून नेले. धन्याने बालकास परत मिळविले, पण मातेचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. हा अशक्त मुलगा रानातील झाडाझुडपांच्या नादात वाढला. परक्यांच्या घरी राबून व लोकांचे कपडे धुऊन त्याने विद्या संपादन केली. १८९० साली तो आयोवा प्रांतातील सिम्पसन कॉलेजात चित्रकला शिकू लागला. तेथील शिक्षिकेने त्याची वनस्पतींकडील ओढ ओळखली व त्यास एम्स येथील कृषिविद्यालयाची वाट दाखविली. तेथे त्याने १८९४ साली पहिली व १८९६ साली वरची पदवी घेतली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांस अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथील आपल्या विद्यालयात बोलाविले. हे गाव मेकन परगण्यात आहे. तेथील पुष्कळ जमीन रेताड. पाऊस पडला की पाणी झिरपून जाई व त्याबरोबर मातीतील कसही जाई. उतारावर वरची माती वाहून घळी पडल्या होत्या. अशा जमिनीत लोक वर्षानुवर्षे एकच पीक घेत, ते म्हणजे कापूस. कापूस घेत राहिले, पण जमिनीस परत काही दिले नाही. म्हणून जी जमीन मुळातच हलकी होती ती अगदी झिजून गेली.

कार्व्हर यांच्याजवळ प्रयोगाची साधनेही नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांसह उकिरड्यावरून बाटल्या व डबे वेचून आणले आणि त्यांतून प्रयोगशाळा उभी केली. विकतचे खत गरिबास परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी रानातील पालापाचोळा व दलदलीतील काळा गाळ शेतात घालण्यास सांगितले. नांगर खोल घालावा व कापसाच्या जागी आलटून पालटून चवळी पेरावी, हा त्यांचा दुसरा उपदेश. चवळीच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जंतू राहतात व ते हवेतील नत्र झाडास मिळवून देतात. झाड नांगरून मातीत गाडले म्हणजे तोच नत्र जमिनीस मिळतो. ही सर्व रीत त्यांनी १९०५ साली झिजलेल्या जमिनीविषयीच्या एका पत्रिकेत सोप्या शब्दांत मांडली.

तसेच रेताड जमिनीचा स्वभाव पाहून तीत काय साधेल हेही त्यांनी दाखविले. भुसभुशीत मातीत भुईमुगाच्या आऱ्या सहज शिरतात व शेंगा उपटण्यास श्रम पडत नाहीत. रताळीही तीत चांगली पोसतात. १९१० च्या सुमारास कापसाची बोंडे पोखरणारा भुंगा अलाबामात शिरला, तेव्हा ह्या पिकांचे मोल लोकांस कळू लागले. भुईमूग कसा पिकवावा व त्याचे १०५ पदार्थ कसे करावे, हे सांगणारी त्यांची पत्रिका १९१६ साली निघाली. जे शेतकरी विद्यालयात येऊ शकत नव्हते त्यांच्याकडे १९०६ पासून अवजारे व बियाणे भरलेली गाडीच जाऊ लागली.

तथापि खरे ते सांगितले पाहिजे. तेथील बहुतेक काळे शेतकरी जमिनीचे मालक नव्हते, ते कुळे होते. सावकार व जमीनदार कापसावरच कर्ज देत. तेव्हा कुळास वाटले तरी कापूस टाकता येत नसे. केवळ ज्ञानाने हे जोखड तुटले नाही आणि पुष्कळ कुटुंबे गाव सोडून उत्तरेकडील शहरांत गेली. म्हणूनच कार्व्हर यांचा भर बिनखर्चाच्या उपायांवर होता. पाचोळ्यास पैसा लागत नाही, आणि घराजवळच्या भाजीच्या वाफ्यासाठी सावकाराची परवानगी लागत नाही.

कार्व्हर पहाटे उठून रानात फिरत व सृष्टीत देवाचा हात पाहत. विद्यार्थ्यांसाठी ते पवित्र शास्त्राचा वर्गही चालवीत. त्यांनी लग्न केले नाही. साठविलेला पैसा त्यांनी संशोधनाच्या कार्यास देऊन टाकला. ५ जानेवारी १९४३ रोजी ते निवर्तले व टस्कीगी येथेच वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांस मूठमाती मिळाली.

वाचकहो, ज्या जमिनीस लोक निकामी म्हणत होते तिला ह्या पुरुषाने प्रथम एकच प्रश्न विचारला: तुझ्यापासून काय काय नेले, आणि तुला परत काय दिले? आपल्या बांधावर उभे राहून तोच प्रश्न आपणही विचारावा.